यूएक्सच्या वर्गात वापरकर्ता कधी येणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रवेशाचा हंगाम आला की ‘सहा महिन्यांत यूएक्स डिझायनर व्हा’ अशा जाहिराती सगळीकडे दिसू लागतात. यूएक्स म्हणजे ‘यूजर एक्सपीरियन्स’ : अ‍ॅप किंवा संकेतस्थळ वापरणाऱ्याला ते सहज जमावे अशी त्याची आखणी करणे. पालक दोनच प्रश्न विचारतात : यात स्कोप आहे का, आणि कुठले सॉफ्टवेअर शिकावे लागते? आम्हा पत्रलेखकांपैकी काही जण हे काम करतात, काही जण शिकवतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अ‍ॅपचे पडदे (स्क्रीन) आखण्याचे फिग्मा हे सॉफ्टवेअर शिकावे लागते, ते विद्यार्थ्यांना मोफत मिळते आणि महिना-दीड महिन्यात त्यावर हात बसतो. तेवढ्यासाठी डिझाइनच्या पदवीला चार वर्षे आणि काही लाख रुपये घालण्याचे कारण नाही. अनोळखी माणसाला समोर बसवायचे, आपण आखलेला अर्ज किंवा अ‍ॅप त्याला जमते का ते पाहायचे आणि जे अडले ते बदलायचे, हे मात्र घरी एकट्याने शिकणे अवघड असते. कॉलेज हवे ते यासाठी. अनेक अभ्यासक्रमांत नेमके हेच राहून जाते, म्हणून हे पत्र.

आधी प्रवेशाबद्दल थोडे, कारण इथे दरवर्षी हुशार मुलांची संधी हुकते. आयआयटी मुंबईतर्फे घेतली जाणारी यूसीड ही प्रवेश परीक्षा बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी असते आणि ती कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. परीक्षा जानेवारीत होते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधीच भरावे लागतात. म्हणजे बारावीच्या निकालानंतर चौकशीला निघालेल्यांची त्या वर्षीची गाडी चुकलेली असते. परीक्षेचा एक भाग संगणकावर आणि एक भाग कागदावर हाताने चित्र काढण्याचा असतो. दुसऱ्या शाखेत पदवी घेतलेल्यांना सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाता येते. १९६९ साली सुरू झालेल्या आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइन, म्हणजे यूएक्सशी जवळचा विषय, याच स्तरावर शिकवले जाते. मानसशास्त्र, पत्रकारिता, समाजशास्त्र शिकलेल्यांनी या क्षेत्राकडे बिचकून पाहू नये. माणसांशी बोलण्याची आणि ऐकलेले नीट लिहून काढण्याची त्यांची तयारी इथे कामी येते.

आता मूळ मुद्दा. समजा, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज नव्याने मांडायला दिला. बहुतेक जण रंग बदलतात, कोपरे गोल करतात, वर एक हसरे चित्र टाकतात आणि पहिल्या चौकटीवर लिहितात ‘पूर्ण नाव’. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधार कार्डावर अनेकदा स्वतःचे नाव आधी असते, आणि लग्न झालेल्या विद्यार्थिनीच्या कागदांवर दोन वेगळी आडनावे असू शकतात. मागची यंत्रणा अक्षरन् अक्षर ताडून पाहत असेल तर ‘माहिती जुळत नाही’ असा लाल संदेश येतो. कुठल्या चौकटीतली माहिती, कशाशी जुळत नाही, हे तो सांगत नाही. मुलगी तेच नाव पुन्हा टाइप करते, पुन्हा तोच संदेश. फिग्मात हा दोष दिसूच शकत नाही, कारण तिथे चौकट विद्यार्थ्यानेच आधी भरून ठेवलेली असते आणि ती नेहमी बरोबरच भरलेली असते. उपाय साधा आहे : ‘आधार कार्डावर आहे तसेच लिहा’ ही सूचना चौकटीच्या वर द्यावी, कार्डावरची नेमकी ओळ नमुन्यात दाखवावी, चूक दाखवणारा संदेश त्याच चौकटीखाली यावा आणि आधी भरलेले काहीही पुसले जाऊ नये.

याच अर्जातली दुसरी अडचण ओटीपीची. कमी मेमरीच्या फोनवर मेसेज पाहायला ब्राउझरमधून बाहेर पडले की फोन ते पान मेमरीतून काढून टाकतो आणि परत आल्यावर अर्ज कोरा. तिसरी अडचण अंकांची. मराठी कळफलकावरून ९८ असे देवनागरी अंक टाइप केले की पुष्कळ अर्ज ‘चुकीचा मोबाइल क्रमांक’ म्हणतात. या गोष्टी कळायला स्वस्त फोन आणि खरा माणूस लागतो.

हा माणूस वर्गात कसा आणायचा? वापर-चाचणीला फार खर्च लागत नाही. एक शांत खोली, एक फोन, पडदा रेकॉर्ड करायची सोय, एक विचारणारा आणि एक टिपणारा. पाच सहभागी, प्रत्येकी तीन-चार कामे, पाऊण तास. आधी एकावर रंगीत तालीम घ्यायची, कारण पहिल्या वेळी कामाची वाक्येच चुकलेली असतात. ‘तिकीट आरक्षण या बटणावर जाऊन तिकीट काढा’ असे सांगितले की उत्तर आपणच देऊन टाकले. ‘येत्या शनिवारी सकाळी तुम्हा दोघांना पुण्याहून कोल्हापूरला जायचे आहे, परतीचे अजून ठरलेले नाही’ असे सांगावे आणि गप्प बसावे. गप्प बसणे हे यातले सर्वांत कठीण कौशल्य आहे. समोरचा अडखळला की नवशिक्याचे बोट आपोआप पडद्याकडे जाते, किंवा तो ‘हे सोपे वाटले ना?’ असे विचारतो. आपल्याकडे समोरचा भिडेखातर ‘हो’च म्हणणार. त्यापेक्षा ‘आता तुम्ही काय शोधताय?’ एवढेच विचारावे. सुरुवातीलाच मराठीत लिहिलेले संमतिपत्र द्यावे. रेकॉर्डिंग कोण पाहणार, कधी पुसणार हे त्यात असावे, आणि सहभागी अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची सही घ्यावी.

निष्कर्ष काढताना दोन चुका हमखास होतात. पाच माणसे दोष शोधायला पुरतात, टक्केवारी काढायला नाही. पाचांपैकी तिघे अडले म्हणून ‘६० टक्के वापरकर्त्यांना अडचण येते’ असे लिहिणे हा सांख्यिकीचा अपमान आहे. दुसरी चूक एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) या, वापरायला किती सोपे वाटले ते मोजणाऱ्या प्रश्नावलीची. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेल्या या प्रश्नावलीत दहा विधाने असतात, एक अनुकूल, एक प्रतिकूल अशी आलटून पालटून, आणि प्रत्येकाला १ (पूर्ण असहमत) ते ५ (पूर्ण सहमत) असे उत्तर द्यायचे असते. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचे उत्तर ५ मधून वजा करायचे, बेरजेला २.५ ने गुणायचे. येणारा आकडा शंभरपैकी असला तरी तो टक्का नव्हे. साधारण सरासरी ६८ धरली जाते, त्यामुळे ६५ मिळाले म्हणून ‘फर्स्ट क्लास’ समजू नये. मराठी अनुवादात प्रतिकूल विधाने गोंधळात टाकणारी झाली की लोक सगळीकडे ‘सहमत’वर खूण करतात, म्हणून अनुवादाचीही आधी चाचणी घ्यावी लागते.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांत मराठी अक्षराकडे होणारे दुर्लक्ष तर अक्षम्य आहे. ‘मंगल’ हा फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी आयडीसीत शिकवत होते, स्वरचक्र हा मराठी कळफलक तिथेच तयार झाला, मुक्त आणि बालू हे फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केले. तरी विद्यार्थी सगळी रचना इंग्रजीत करतात आणि मराठी शेवटी ओततात. मग ‘सबमिट’च्या मापाच्या बटणात ‘अर्ज सादर करा’ मावत नाही. इंग्रजीला अक्षराच्या १.२ पट ओळ-अंतर चालून जाते. देवनागरीत वर रफार-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असल्याने १.५ च्या आसपास ठेवले नाही तर ओळी एकमेकींना घासतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते. इंग्रजीसारखी मोठी (कॅपिटल) अक्षरे आपल्याकडे नाहीत, म्हणून भर द्यायचा तो जाडीने किंवा आकाराने. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ‘दुसऱ्या’मधला र नीट येतो का, हे प्रत्येक फॉन्टवर तपासावे. हा सगळा एका सत्राचा विषय आहे, एका तासाचा नाही.

सुगम्यतेचेही, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता येण्याचेही, तसेच. मजकूर आणि पार्श्वभूमीतला उठाव (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १, अँड्रॉइडवर बोटाने दाबायची जागा ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. हे आकडे मुलांना पाठ असतात. पण फोनचा पडदा झाकून, पडद्यावरचे वाचून दाखवणारी अँड्रॉइडची टॉकबॅक सोय चालू करून स्वतःचा अर्ज शेवटपर्यंत भरून पाहिलेला असतो का? बटणाला नाव दिलेले नसेल तर टॉकबॅक नुसतेच ‘बटण’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला पुढे काय करायचे ते कळत नाही. कायद्याची बाजूही शिकवायला हवी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणारे मांडणीचे प्रकार, अधिसूचित केले. गुपचूप टोपलीत वस्तू टाकणे, खोटी घाई दाखवणे, वर्गणी बंद करायची वाट लपवणे हे त्यात येते. पहिल्याच नोकरीत वरिष्ठ असे काही करायला सांगतील तेव्हा नकार देण्यासाठी हे माहीत असावे लागते.

नोकरीसाठी पोर्टफोलिओत तीन प्रकल्प पुरतात. त्यांतला एकही जेवण घरपोच देणाऱ्या अ‍ॅपची नवी मांडणी नसावा, कारण तो प्रत्येकाकडे असतो. पालिका रुग्णालयातला केसपेपर, बाजार समितीतली पट्टी, एसटीचे सवलतीचे पास असे विषय हाताशी असताना तिकडे कशाला जायचे? प्रश्न काय होता, तुम्ही काय केले, चाचणीत काय फसले आणि त्यामुळे काय बदलले, हे पहिल्याच पानावर दिसावे. टाकून दिलेला पर्याय कारणासह दाखवावा. गटाने केलेल्या कामात स्वतःचा वाटा स्पष्ट लिहावा. मुलाखतीत तिथेच सर्वाधिक प्रश्न येतात. इंटरनेटवरून घेतलेल्या फोटोखाली लिहिलेली काल्पनिक ‘पर्सोना’ (नमुना वापरकर्त्याचे वर्णन) अनुभवी माणूस लगेच ओळखतो. नीटस पडदे आता एआय काही मिनिटांत काढून देते, त्यामुळे नुसत्या पडद्यांना पूर्वीसारखा भाव राहिलेला नाही.

पालकांनी कॉलेज पाहायला गेल्यावर भिंतीवरची पोस्टर्स पाहू नयेत. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या संशोधनाच्या वह्या मागाव्यात. इंटर्नशिप कितव्या सत्रात, किती आठवड्यांची आणि तिच्यावर देखरेख कोणाची, हे विचारावे. चाचणीसाठी बाहेरची माणसे शेवटची कधी आली होती, हेही विचारावे.

कॉलेजांना आमची विनंती अशी की, प्रत्येक प्रकल्पाच्या १०० गुणांपैकी निदान ४० गुण चाचणी आणि त्यानंतरच्या बदलांसाठी ठेवा, आणि पाच सहभागींच्या प्रवासखर्चाचे, चहापाण्याचे पैसे विभागाच्या अंदाजपत्रकात धरा. हा खर्च विद्यार्थ्यांच्या खिशावर पडला की चाचणीला वर्गमित्रच बसतात, आणि त्यांना सगळे आधीच माहीत असते.

– यूएक्स डिझाइनचे काही शिक्षक व व्यावसायिक, पुणे