वाळूची वही

अनगोळ, बेळगाव

चि. प्राची हिस अनेक आशीर्वाद.

तिसऱ्या कंपनीतही नाव लागलं नाही, हे तू आईला सांगितलंस, मला नाही. फोनवर माझा आवाज चढतो हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलोय.

तुझा बायोडाटा आईच्या मोबाईलवर दोनदा वाचला. 'मेहनती, टीमवर्कची आवड, नवीन शिकण्याची तयारी.' अगं, उद्यमबागेत आमच्या ओतकामाच्या फौंड्रीत दरवर्षी अर्जांचा गठ्ठा येतो आणि साहेब तो माझ्यापुढं टाकतात, "बघ की, ह्यातलं कोण कामाचं हाय." त्यात सगळेच मेहनती असतात. आळशी म्हणून आजवर एकानंही लिहिलेलं नाही. मी शोधतो ते एवढंच, की ह्या पोरानं हातानं काय केलंय.

आणि तू केलंयस की! गेल्या मे महिन्यात तीन आठवडे मोल्डिंगच्या, साचे करायच्या वाळूत बसलीस. सकाळ-दुपार मूठभर वाळू उचलायची, ओल मोजायची, वहीत मांडायची. पंपाच्या हाऊसिंगला ब्लोहोल पडत होते आणि आम्ही सगळे वितळलेल्या धातूच्या रसाला दोष देत होतो. तुझ्या वहीतनं कळलं की दुपारच्या पाळीत वाळूला पाणी जास्त होतंय. ओल वाढली की ओतताना वाफ धरते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, भोक पडतं. मिक्सरवरच्या पोराला पाण्याचं माप बांधून दिलं आणि भंगारात जाणारा माल कमी झाला. ते माप अजून तिथं तारेनं टांगलेलं आहे.

हे सगळं बायोडाटात शेवटी, तीन शब्दांत: 'कास्टिंगमधील दोषांचा अभ्यास'. तेच सगळ्यात वर घे. किती दिवस, किती नमुने, काय सापडलं, काय बदललं. वही कपाटावर आहे, पानांचे फोटो पाठवतो.

(व्हीटीयूचं, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं, मुख्यालय इथं मच्छ्यात, आणि त्याच विद्यापीठाच्या डिग्रीसाठी मी तुला 500 किलोमीटरवर बेंगळूरला धाडलं. आई अजून टोमणे मारते.)

कॅम्पसमध्ये नाही झालं तर डिग्रीनंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप बघ. किमान स्टायपेंडचा निम्मा वाटा केंद्र सरकार देतं, म्हणून कंपन्याही फार कां-कूं करत नाहीत. पैसे थोडे मिळतील, पण वर्षाचं काम दाखवता येईल. महाराष्ट्राची सरकारी भरतीही आपल्याला बंद नाही. सीमाभागातल्या, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांत 15 वर्षं राहिल्याचा दाखला लागतो, त्याची चौकशी मी करतो. आणि कन्नड. आपल्या घरात त्यावर काय काय बोलणं होतं ते तू ऐकलंयस, त्यातलं बरंच मीच बोललोय. पण मला बोललेलं सगळं समजतं, लिहिता येत नाही, आणि त्यापायी दुसऱ्याला कागद वाचायला लावण्यात माझी उमर गेली. तू हॉस्टेलातल्या पोरींकडनं लिहायला शिकून घे.

एक मात्र बजावतो. नोकरी लावतो, आधी डिपॉझिट भर, असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. लग्नाआधी मी पुण्यातल्या नोकरीसाठी एकाला पाच हजार दिले होते. ठरल्या दिवशी पत्त्यावर गेलो तर तिथं केस कापायचं दुकान. कापून आलो, रिकाम्या हातानं काय परतायचं म्हणून. आईला ही गोष्ट अजून माहीत नाही, सांगू नकोस.

शनिवारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं समोरच्या काकांचा मुलगा येतोय. त्याच्याकडं कुंद्याचा डबा दिलाय. रविवारी सकाळी स्टेशनवर जाऊन घे, आणि डब्याखालच्या पिशवीत तुझी वही पण आहे. फोटो नीट येत नव्हते.

तुझे बाबा