राजाचं नाणं नव्हे, दुकानदाराचं

बर्मिंगहॅम,
रविवार

प्रिय अव्या,

तुझा टोमणा पोचला. "तुझी ती दुकानदारांची टोकनं, म्हणजे त्यांनी स्वतःच पाडलेली तांब्याची खासगी नाणी, ही नाणी नव्हेतच, जाहिरातीचे बिल्ले आहेत" हे फोनवर ऐकून घेतलं, कारण मागे वहिनी जेवायला हाका मारत होत्या. आता सविस्तर उत्तर देतो. शिवराईवाल्यांचा हा माज मला नवा नाही. पण तुझ्या दुदांडी शिवराया, म्हणजे मराठ्यांची तांब्याची नाणी, पुण्याच्या बाजारात फिरत होत्या, त्याच दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडमध्ये काय गंमत चालली होती ती ऐक.

तिसऱ्या जॉर्जच्या टांकसाळीनं १७७५ नंतर तांब्याची हाफपेनी, म्हणजे अर्ध्या पेनीचं नाणं, पाडणंच बंद केलं. सोन्याचांदीपुढे तांबं म्हणजे त्यांना कमीपणाचं काम. इकडे गिरण्या, खाणी, भट्ट्या वाढत होत्या, मजुरांना दर आठवड्याला पगार द्यायचा, आणि द्यायला सुट्टे नाहीत. बाजारात होती ती बहुतेक खोटी, पत्र्यासारखी हलकी. आपल्याकडे एसटीचा कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून द्यायचा ना, तसा मग ज्यानं-त्यानं आपापला मार्ग काढला. पहिली उडी १७८७ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीनं मारली. तांब्याची खाण त्यांचीच, मग अडतंय कशाला? एका बाजूला दाढीवाला ड्रुइड, म्हणजे तिथला प्राचीन पुजारी, दुसऱ्या बाजूला 'धारकास एक पेनी देण्याचं वचन देतो' असा मजकूर. वजन जवळजवळ एक औंस, म्हणजे तांब्याला तांब्याचं मोल.

त्याच वर्षी लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सन यानं तर कमाल केली. राजाचा मुखडा असायचा त्या जागी स्वतःचा छापला, भोवती नाव आणि 'आयर्न मास्टर' ही पदवी. लोकांनी थट्टा केली, पण टोकन घेतलं. का घेणार नाहीत? राजाची हाफपेनी खोटी निघाली तर दाद कुठे मागणार? विल्किन्सनचा तर पत्ता माहीत होता.

पुढच्या दहा वर्षांत किराणावाले, कापडवाले, चहावाले, सगळ्यांनीच टोकनं काढली. टोकन गिऱ्हाइकाच्या खिशात गेलं की दुकानाचं नाव गावभर फिरतं आणि शेवटी आपल्याच गल्ल्यात परत येतं. जाहिरातीचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही. लंडनच्या लाँग एकर रस्त्यावरच्या बॅझिल बर्चेल नावाच्या माणसानं त्याच्या टोकनावर काय छापावं? पोटातल्या जंतांवरच्या साखरेच्या गोळ्या, आणि दात येणाऱ्या बाळांसाठी वेदनाशामक गळ्यातली माळ! जंतांच्या औषधाची जाहिरात हातात खेळवत लोक पाव विकत घेत होते. बाथच्या लॅम्ब नावाच्या चहावाल्यांच्या टोकनावर उंट आहे, आणि पलीकडे लंडनचं इंडिया हाउस, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी. चहा तेव्हा चीनचा, विकणारी ईस्ट इंडिया कंपनी, चित्र उंटाचं. भूगोलाचा असा चिवडा मी क्वचितच पाहिला.

माझा लाडका मात्र लॅकिंग्टन. हा मुळात चपला-बूट शिवणारा. पुढे लंडनमध्ये पुस्तकांचं दुकान काढलं आणि 'आज रोख उद्या उधार'ची पाटी न लावता तो नियम अक्षरशः पाळला. बड्या सरदारालाही उधारी नाही. पडून राहिलेल्या पुस्तकांचे ढीग घ्यायचे, रद्दीत न घालता पडेल भावात विकायचे. फिन्सबरी चौकातलं त्याचं दुकान इतकं मोठं, की उद्घाटनाला गल्ल्याभोवती चार घोड्यांची गाडी फिरवली म्हणतात. त्याच्या हाफपेनीवर एका अंगाला हे महाशय स्वतः, दुसऱ्या अंगाला तुतारी फुंकणारी कीर्तिदेवी आणि भोवती 'जगातले सर्वांत स्वस्त पुस्तकविक्रेते'. आपली तुतारी आपणच फुंकायची, तीही तांब्यात कोरून!

माझ्याकडचा लॅकिंग्टन बराच झिजलाय. नाकाचा शेंडा सपाट, तुतारीचं फक्त टोक दिसतं. भिंगाखाली त्याच्या गालावर बारीक चरे दिसतात, एकाच दिशेनं गेलेले, बहुधा गल्ल्यातल्या लाकडावर सरकवल्याचे. इथले जाणकार मला म्हणतात, थोडे पैसे जास्त टाक आणि चकचकीत घे. इथंच माझं त्यांच्याशी पटत नाही. कारण हा छंद टोकनं चालू असतानाच सुरू झाला. इप्सविचच्या जेम्स कॉन्डर या कापडवाल्यानं १७९८ मध्ये त्यांची यादी छापली, म्हणून आजही ही 'कॉन्डर टोकनं'. त्याचं स्वतःचंही टोकन होतंच. तर संग्राहक वाढलेत म्हटल्यावर टोकनं पाडणाऱ्यांनी काय करावं? एका गावाचा पुढचा साचा, दुसऱ्या गावाचा मागचा, अशी जोडगोळी जमवून मोजकी काढायची आणि 'दुर्मीळ' म्हणून विकायची. अशा टोकनावर कुणी कधी भाकरी घेतली नाही. ती जन्मापासून कपाटातच. नको मला ती, कितीही लखलखू देत.

खरं टोकन ओळखायचं तर कड वाचावी. 'अमुकच्या वखारीत पैसे मिळतील' हे वचन बऱ्याचदा तिथं असतं. कॉव्हेंट्रीची १७९२ ची हाफपेनी बघ. पुढे घोड्यावर बसलेली तिथल्या दंतकथेतली लेडी गोडायव्हा, मागे पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती, आणि कडेवर रेनॉल्ड्सच्या वखारीचं नाव. हल्ली प्लास्टिकच्या डब्यात सीलबंद करून विकायची फॅशन आली आहे. बऱ्याच डब्यांत कडच दिसत नाही, म्हणजे मुद्द्याचं तेवढं झाकलेलं! एका विक्रेत्यानं मला असा डबा दिला, कडेचा मजकूर विचारला तर म्हणतो, "विश्वास ठेवा." मी नमस्कार करून निघालो.

आणि एक विनंती. तू परवा पाठवलेल्या फोटोतली शिवराई पितांबरीनं घासलीयस, नाही म्हणू नकोस. चिंच, लिंबू, पितांबरी हे देवघरातल्या ताम्हणाला. जुन्या तांब्याचा तो तपकिरी रंग दोनशे वर्षांत चढतो आणि एका मिनिटात उतरतो. हिरवी पूड सुटली असेल तरच हात लाव, तोही आधी मला विचारून.

आता तुझं काम. इथं हॅन्ड्सवर्थला मॅथ्यू बोल्टनची सोहो टांकसाळ होती, वाफेवर चालणारी. आज तिथल्या सोहो रोडवर मिठाईची आणि साड्यांची दुकानं आहेत. त्या टांकसाळीत यातली काही टोकनं पडत, आणि १७९७ मध्ये बोल्टनलाच सरकारचं कंत्राट मिळून औंसभर वजनाची पेनी निघाली तेव्हा टोकनांची सद्दी संपली. पण त्याआधी, १७९१ मध्ये, त्याच यंत्रांवर मुंबईसाठी कंपनीचे पैसे पाडले होते! एका बाजूला कंपनी मालाच्या गठ्ठ्यांवर मारायची तो शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. पुण्यात तेव्हा सवाई माधवराव गादीवर. असा एक पैसा मला हवाय.

बुधवारी जुन्या बाजारात जाशील तेव्हा बघ. तराजू दिसला की लगेच हुरळू नकोस. मागे सिंह असलेली ढाल असेल तर ते १८०४ चं, माझ्याकडे आहे. शिक्का असलेलं मिळालं तर दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो पाठव, भाव विचारून ठेव. घासाघीस तूच कर, मी विचारलं की इंग्लंडचा भाव लावतात. आणि त्याला सांग, धुऊ नकोस म्हणावं.

वहिनींना नमस्कार, चिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
मिल्या