झुकिनीच्या बियांच्या पुडीवर वाण लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आमच्या वाईत परसबाग करणाऱ्यांची बियांची देवाणघेवाण सुरू होते. वाल, गवार, दुधी यांच्या जोडीला आता झुकिनी या काकडीसारख्या दिसणाऱ्या परदेशी फळभाजीच्या बियाही हातोहात फिरतात. मला याचा आनंदच आहे. झाड बुटके, तीन फुटांच्या आळ्यात मावते, शेणखत भरपूर घातले की दीड-दोन महिन्यांत भाजी हाती येते. काळजी वाटते ती कोऱ्या पुडीची.

विकतचे बी बहुधा संकरित असते. त्याच्या फळाचे बी धरले तर पुढे तसेच फळ येईल याचा भरवसा नाही. ‘ऑस्ट्रेलियन ग्रीन’सारखा सरळ, म्हणजे संकरित नसलेला वाण असला, तरी मधमाशी दुसऱ्या बागेतला पराग आणतेच. दुधी, दोडका, कारले शेजारी असले तर काही बिघडत नाही. आपल्या लाल भोपळ्याशीही सहसा संकर होत नाही. भीती आहे ती शोभेच्या चिमुकल्या, रंगीत भोपळ्यांची. त्यातले बरेचसे झुकिनीच्याच जातीचे. त्यांचा पराग लागला तर त्या बियांपासून पुढे येणाऱ्या फळांत कुकुरबिटॅसिन हे कडू विष उतरू शकते. जर्मनीत हायडेलबर्ग येथे २०१५ साली ७९ वर्षांचे एक गृहस्थ शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन दगावले. शिजवल्याने हे विष जात नाही. कडू दुधीचा रस पिऊ नये, हे आपल्याकडे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. झुकिनीलाही तोच नियम हवा. चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावावा. कडू लागला तर थुंकून टाकावा, फळ फेकावे, झाडही उपटावे.

बी धरायचेच असेल तर उद्या उमलणारी मादी कळी आणि दुसऱ्या झाडावरची नर कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधावी. मादी कळीच्या मागे इवलीशी झुकिनी असते, त्यामुळे ती चटकन ओळखू येते. सकाळी लवकर नराच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलात फिरवावा, फूल पुन्हा बांधावे आणि देठाला खुणेचा रंगीत दोरा लावावा. ते फळ नख रुतणार नाही इतके निबर होऊ द्यावे. घरची मंडळी ते कोवळेच मागतात, पण त्या एका फळाची भाजी सोडावीच लागते.

बी देणाऱ्याने पुडीवर वाणाचे नाव, संकरित की सरळ, आणि फूल बांधले होते की नाही, एवढे लिहावे. आपल्या बागकामाच्या सदरातून हे वाचकांना सांगावे, ही विनंती.

– एक वाचक, वाई