बायोडाटा पुढे पाठवण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्म मिळाला. उंची, गोत्र, पगार, फोटो सगळं तुम्ही भरलंय आणि ‘अपेक्षा’ हा रकाना तेवढा माझ्यासाठी ठेवलाय. तो मी भरणार नाही, आणि फॉर्मही तुम्ही पुढे पाठवू नका. फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा ‘बरं, बघू’ म्हणून ठेवून देतात, म्हणून लिहिते आहे. एका बैठकीत संपलं नाही तरी चालेल.

मी एरोमँटिक आहे. कुणाच्या प्रेमात पडणं हा जो प्रकार आहे, तो माझ्या बाबतीत होत नाही.

‘तो मला आवडतो’ असं कुणी म्हणतं तेव्हा त्यात बऱ्याच गोष्टी एकत्र आलेल्या असतात. चेहरा बघत राहावासा वाटणं ही एक. शेजारी बसावं, हात धरावा, मिठी मारावी ही दुसरी. शारीरिक ओढ तिसरी. तासन्‌तास गप्पा व्हाव्यात, अडीनडीला धावून जावं ही चौथी. या चौघींहून निराळी आणखी एक असते: मन एकाच माणसाभोवती घुटमळत राहणं, त्याचा मेसेज आला नाही की कासावीस होणं, त्याने आपल्याला सगळ्यांच्या आधी धरावं आणि आपली जोडी व्हावी ही आस. बहुतेकांच्या बाबतीत हे सगळं एकाच माणसावर येऊन ठरतं, त्यामुळे वेगळं काढून बघायची वेळच येत नाही. एरोमँटिक माणसात ही शेवटची गोष्ट नसते, किंवा फार क्वचित आणि पुसट असते. बाकीच्या चार असतील किंवा नसतील, ते ज्याचं त्याचं.

म्हणून एरोमँटिक आणि असेक्शुअल यांची गल्लत करू नका. असेक्शुअल म्हणजे शारीरिक ओढ नसलेला माणूस. तो प्रेमात पडू शकतो, झुरूही शकतो. एरोमँटिक माणसाला शारीरिक ओढ असू शकते. दोन्ही नसलेलेही पुष्कळ असतात. मी यातल्या कुठल्या गटात आहे ते या पत्रात लिहीत नाही. तेवढा आडपडदा आपल्यात असलेलाच बरा.

हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या किंवा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या विकारांच्या यादीत ‘प्रेमात न पडणं’ असा विकार नाही. थायरॉइड, बी-१२ तपासून ते सापडायचं नाही. लहानपणी काही झालं असेल, आपलंच काही चुकलं असेल, असं आई नक्की मनात आणेल. ते काढून टाक. कुणी ‘दोन-चार सिटिंगमध्ये ठीक करून देतो’ म्हणालं तर तिथून उठून या. माणसाची ओळख बदलण्याच्या अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. विवाहबाधेची शांत आणि नारायण नागबळी हेही त्याच रांगेत आले. त्र्यंबकेश्वरला जायचंच असेल तर पावसाळ्यात सगळे मिळून फिरायला जाऊ.

‘पुढे बदलेल का?’ हे बाबा विचारणारच. यात छटा आहेत. काहींना खूप ओळख, खूप विश्वास झाल्यावरच आणि तेही क्वचित असं काही वाटतं. त्यांना डेमीरोमँटिक म्हणतात. काहींना अधूनमधून, नक्की सांगता येणार नाही इतपत वाटतं, ते ग्रेरोमँटिक. वय वाढतं तसा एखादा स्वतःसाठी वेगळा शब्द निवडतोही. पण बदलेल या हिशेबाने हॉल बुक करता येत नाही. दुसऱ्या माणसाचं आयुष्य त्या जुगारात लावायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही.

आता तुमच्या सगळ्यात तगड्या मुद्द्याकडे येते. तुम्ही म्हणाल, ‘आमचं तरी कुठे प्रेम होतं? पोहे खाल्ले, पंचांग बघितलं, लग्न झालं. उलट तुला प्रेम नको असेल तर ठरवून केलेलं लग्न तुला जास्त सोयीचं.’ हा मुद्दा वरवर पाहता बिनतोड आहे. एरोमँटिक लोक जगभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, की प्रत्येकाने प्रेमात पडून जोडीत राहणं हेच आयुष्याचं खरं रूप आहे असं समाज गृहीत धरतो. एलिझाबेथ ब्रेक या तत्त्वज्ञ बाईंनी २०१२ साली या गृहीतकाला ‘अमॅटोनॉर्मेटिव्हिटी’ असं नावही दिलं. तुमच्या पिढीने त्यातल्या निदान प्रेमाच्या अर्ध्या भागाला फार भाव दिला नाही, आणि त्याबद्दल मला तुमचं कौतुकच वाटतं. जोडीचा भाग मात्र तुम्हीही सोडला नाहीत.

अडचण अशी, की तुमच्या वेळी ‘संसार करायचा’ एवढीच दोन्ही बाजूंची बोली होती. आज बघायला येणारा मुलगा संसाराबरोबर प्रेमही धरून चालतो, फक्त ते बायोडाटात लिहीत नाही. लग्नानंतर आपोआप होईल असं त्यालाही सांगितलेलं असतं. मग पहिले काही महिने तो वाट बघतो. बायको नीट वागते, त्याच्या आईचं औषधपाणी बघते, हसते, बोलते. पण आठवण आली म्हणून मधेच फोन करत नाही, त्याच्या उशिराने अस्वस्थ होत नाही, वाढदिवसाला त्याला हवं ते डोळ्यांत दिसत नाही. पहिला निष्कर्ष निघतो, ‘मी कमी पडतोय.’ दुसरा, ‘हिचं बाहेर कुणीतरी आहे.’ तिसरा दोन्ही घरच्या बैठकीत निघतो. या सगळ्यात वाईट कुणीच वागलेलं नसतं, तरी माणूस खचतो. लग्नाआधी महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असा आरोप हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली करता येतो. कोर्ट काय ठरवेल हा पुढचा भाग, पण ती पायरी चढायचीच कशाला?

एरोमँटिक माणसं लग्न करतच नाहीत असं मात्र नाही. करतात आणि नीट निभावतात, पण तिथे सगळं आधी सांगितलेलं असतं. सांगायचं ते स्वतः, मध्यस्थामार्फत नाही. मध्यस्थ ‘मुलगी जरा अबोल आहे’ असं भाषांतर करतो. दुसऱ्या भेटीपर्यंत, घरच्यांची बोलणी सुरू व्हायच्या आत. ‘मी रोमँटिक नाही’ हे वाक्य निरुपयोगी. समोरच्याला वाटतं, हिला फुलं-कँडललाइट आवडत नाही. सांगायचं असं: मी प्रेमात पडत नाही, तुझ्याही पडणार नाही, माया, विश्वास, सोबत, आजारपणात उशाशी बसणं हे देईन. मग स्पर्शाबद्दल आणि शरीरसंबंधांबद्दल स्पष्ट बोलायचं: काय चालेल, काय नाही, किती वेळा, आणि नको असेल तेव्हा नाही म्हटलेलं कसं घेतलं जाईल. मूल हवं का. आणि त्याला प्रेमाची गरज असेल तर त्याने ती कुठे भागवायची, हाही प्रश्न टाळायचा नाही. समोरचा ‘हरकत नाही, मी तुला बदलेन’ म्हणाला तर तो होकार समजायचा नाही. इतकं बोलून टिकणारं स्थळ मंडळाच्या फॉर्ममधून मिळेल असं तुम्हाला तरी वाटतं का? मला नाही वाटत, आणि मला त्याची ओढही नाही. म्हणून माझं उत्तर नाही असं आहे.

यावरून मी कोरडी किंवा एकलकोंडी आहे असं मात्र धरू नका. भावगीतं आवडतात, दुसऱ्यांची लग्नंही. काही एरोमँटिक लोकांना पडद्यावरचं प्रेमसुद्धा नकोसं होतं, काहींना फक्त स्वतःवर वेळ आली की नकोसं होतं. मी दुसऱ्या जातीची.

सोबतीचं म्हणाल तर लग्नाखेरीज एक व्यवस्था असते. दोन माणसं प्रेमसंबंध नसताना एकमेकांना आयुष्याची माणसं ठरवतात, एका घरात राहतात, निर्णय मिळून घेतात. त्याला क्वीअरप्लॅटॉनिक नातं म्हणतात. नुसत्या रूममेटशी फरक इतकाच, की इथे गृहीत काही धरायचं नसतं, कारण या नात्याला रूढी नाही. म्हणून आधीच बोलून घ्यावं लागतं: खर्च निम्मा की पगाराच्या प्रमाणात, एकीची बदली झाली तर दुसरी जाणार का, कुणाचे आई-वडील राहायला आले तर खोली कुणाची, एकीला पुढे लग्न करावंसं वाटलं तर किती महिने आधी सांगायचं. वर्षातून एकदा हे सगळं पुन्हा काढून बघायचं. ही नाती बहुधा भांडणाने तुटत नाहीत. एकीला जोडीदार मिळतो आणि ‘मैत्रीण तर आहेच’ म्हणून दुसरी आपोआप मागे पडते, तिथे तुटतात. भाड्याच्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स करारात दोघींची नावं हवीत आणि तो नोंदवलेला हवा. नाव एकीचंच असेल तर दुसरी सोसायटीच्या लेखी पाहुणी.

नातेवाइकांचं सोपं आहे, फक्त वाक्य एकच ठेवा: ‘ती लग्न करणार नाही, तिचं ठरलंय, आम्हाला माहीत आहे.’ ‘सध्या नको म्हणते’ असं सांगू नका, त्यातल्या ‘सध्या’मुळे दर दिवाळीला नवीन स्थळ येतं. ‘करिअर बघतेय’ म्हटलं की बढतीनंतर फोन सुरू होतात. पत्रिकेतला मंगळ पुढे करू नका, मंगळाचा मुलगा शोधून आणणारे लोक आपल्याकडे आहेत. एरोमँटिक हा शब्द सगळ्यांना सांगायची गरज नाही. दादा-वहिनीला मी सांगितलंय.

राहिला ‘आमच्यानंतर तुझं कोण?’ हा प्रश्न. त्याचं अर्धं उत्तर माणसांत आहे आणि अर्धं कागदांत, आणि कागदांचं मी हातात घेतलंय. मृत्युपत्र न करता अविवाहित हिंदू मुलगी गेली तर तिची कमाई आधी आई-वडिलांना जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांना. वीस वर्षं सोबत राहिलेल्या मैत्रिणीला त्यात जागा नाही. म्हणून मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार न केलेलं बरं.

नॉमिनी म्हणजे वारस, हा गैरसमज बाबांनाही आहे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की नॉमिनी फक्त सांभाळणारा, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. तेव्हा दोन्हीकडे नावं जुळवून ठेवायची. पीएफचं वेगळंच: अवलंबून असलेले आई-वडील त्यांच्या व्याख्येत ‘कुटुंब’ असतात आणि कुटुंब असेपर्यंत बाहेरच्याचं नाव चालत नाही. आरोग्य विम्याच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे घरच्यांच्या एकत्र पॉलिसीत, मैत्रिणीला सहसा घेत नाहीत, म्हणून ज्याची त्याची स्वतंत्र पॉलिसी.

खरी कसोटी हॉस्पिटलच्या काउंटरवर लागते. भरतीच्या फॉर्मवर ‘सोबत आलेल्याचं नाव’ आणि पुढे ‘नातं’ असा रकाना असतो. तिथे ‘मैत्रीण’ लिहिलं की पलीकडून प्रश्न येतो, ‘घरचं कुणी नाही का?’ मी शुद्धीवर असेन तोवर संमती माझीच. नसेन तर डॉक्टर नातेवाईक शोधतात. त्यासाठी दोन कागद. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञान व्यक्तीला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतं, पण ते मानसिक आजाराच्या उपचारांपुरतं. दुसरा, शेवटच्या काळात कृत्रिम उपचार किती चालू ठेवायचे याचं आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्याला मान्यता मिळाली, आणि २०२३ मध्ये दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल अशी सोय झाली. दोन साक्षीदार लागतात. या दोन्हींत न बसणारे प्रसंगच जास्त, तिथे तुम्ही किंवा दादाने फोनवर ‘ती सांगेल तसं करा’ एवढं म्हणणं उपयोगी पडतं. दादा तयार आहे. तुम्हीही व्हा.

आता तुमच्याकडचं एक काम. घराच्या मृत्युपत्राचा जो मसुदा वकिलांनी करून दिलाय, त्यात माझ्याबद्दल ‘विवाह होईपर्यंत सदर घरात राहण्याचा हक्क राहील’ असं कलम आहे. बहुतेक मसुद्यांत ते छापल्यासारखं येतं. माझ्या बाबतीत ‘विवाह होईपर्यंत’ला अर्थच उरत नाही, आणि पुढेमागे त्यावरून दादाच्या मुलांना आणि मला वाद घालावा लागेल. तिथे ‘हयातीपर्यंत’ असं करून घ्या, किंवा सरळ हिस्सा ठरवून लिहा. दादाला दोन्ही मान्य आहे. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या. सही करण्याआधी मसुद्याचे फोटो काढून मला पाठवा, मी एकदा वाचून कळवते.

तुमची
ताई