लग्नातल्या ड्रोनलाही विमानतळाचे नियम लागू आहेत

महोदय,

लग्नसराई सुरू झाली की पुण्यातल्या खराडी, वाघोली परिसरातल्या लॉन्सवर संध्याकाळी ड्रोन घिरट्या घालू लागतात. वरात दारात आली, की फोटोग्राफरचा सहकारी रिमोट सांभाळत चार पावले मागे सरकतो, ड्रोन घरघरत मांडवाच्या वर जातो आणि तेवढ्यात पलीकडून चाके खाली सोडलेले विमान लोहगाव विमानतळाच्या दिशेने उतरताना दिसते. वऱ्हाडी मंडळींना त्यात वावगे वाटत नाही. मला मात्र धडकी भरते.

उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. धावपट्टी दोन किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून जेमतेम 400 फुटांवर असते. ही उंची लग्नातला ड्रोन सहज गाठतो. एवढीशी वस्तू वैमानिकाला दिसेपर्यंत काही करायला वेळच उरत नाही. त्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ, म्हणजे प्रवासी विमानांबरोबर लढाऊ विमानेही आलीच.

याबद्दल विचारले तर ठरलेले उत्तर मिळते: ‘आमचा ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, त्याला लायसन्स लागत नाही.’ हे अर्धेच खरे आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनी नॅनो, म्हणजे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्रातून सूट दिली. पण हवाई क्षेत्राचे निर्बंध त्यालाही आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून 5 ते 8 किलोमीटरपर्यंत पिवळा झोन जमिनीपासूनच सुरू होतो, 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांच्या वर. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवीच. त्याहून जवळच्या लाल झोनमध्ये तर केंद्र सरकारची लागते. नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड आहे.

आणि छोट्या ड्रोनने काय होणार, असेही कोणी म्हणू नये. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी मारणाऱ्या विमानाच्या पंखाला अशाच अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनने भोक पाडले. शहर जळत असताना ते विमान दुरुस्तीसाठी अडकून पडले. ड्रोन उडवणाऱ्याने तो नजरेआड जाऊ दिला होता.

दंडाची भीती घालून हे थांबेल असे मला वाटत नाही. कारण नवरा-नवरीच्या घरच्यांना नियम माहीतच नसतो आणि फोटोग्राफर हातचे काम सोडायला तयार नसतो. अडवता येते ते कार्यालयाच्या बुकिंगवेळीच. डीजे रात्री दहाला बंद, फटाके गेटबाहेर, हे मालक आधीच बजावतात. तसेच आपले लॉन कोणत्या झोनमध्ये येते, हे त्यांनी पावतीवर मराठीत छापावे. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा झोनचा नकाशा कोणालाही फुकट पाहता येतो. पोलिसांनीही स्पीकरची परवानगी मागायला आलेल्याला ‘ड्रोन लावणार आहात का?’ एवढे विचारून तो नकाशा तिथल्या तिथे दाखवावा. पुढच्या मुहूर्तांच्या आत हे सुरू व्हावे, ही विनंती.

– एक वाचक, खराडी, पुणे