सासवड रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

मोबाइलवर एवढं लांबलचक तुम्ही वाचणार नाही, पोरगा वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, हळू वाच.

आम्ही माझ्या जुन्या टाटा सुमोने जेजुरीला निघालो होतो. दिवे घाटात निम्म्यावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. आई मागे ‘येळकोट येळकोट’ करत होती, मी मनातल्या मनात वेगळंच काही. गाडी ओढत आणून घराजवळच्या एका गॅरेजात टाकली. बॉनेट उघडायच्या आतच निदान झालं: ‘हेड गॅस्केट गेलं, इंजिन उतरवावं लागेल, 60 हजार धरा.’ सुमो मी घेतली होती 85 हजारांना. भंगारवाल्याला भाव विचारून झाला होता, तेवढ्यात मित्राने तुमचं नाव सांगितलं.

तुम्ही डिपस्टिक काढून तेल बोटांवर चोळलंत. दुधाळ नव्हतं, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं नाही. गार गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून मला स्टार्टर मारायला लावलंत. पाण्यात बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅस्केट गेलेलं नाही. मग ते झाकण हातात घेऊन स्प्रिंग अंगठ्याने दाबलीत. दबली, ती वर यायचं नावच घेईना. ‘कुकरची शिट्टी सैल असली तर दाब धरेल का? पाणी लवकर उकळतं, जादा पाण्याच्या बाटलीत जातं, तिथून बाहेर.’ गाडी तापल्यावर मला रेडिएटरचे पाइप चाचपायला लावलंत. वरचा चटका देत होता, खालचा गार. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं, क्षाराने रेडिएटरची जाळी गच्च. रॉडिंग (सळ्या घालून जाळी साफ करणं), झाकण, थर्मोस्टॅट, कूलंट, तुमची मजुरी: 3,800 रुपये. बिल मागितलं तर तुम्ही सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलंत. ते अजून गाडीच्या कागदांत आहे.

पण मामा, मला आभार मानायचेत ते तुमच्या ‘राहू द्या’चे. मला गाडीला नवा रंग द्यायचा होता, तुम्ही म्हणालात राहू द्या. सीट, म्युझिक, मॅग व्हील, सगळं राहू द्या. आणि ब्रेकचे होज, बॉल जॉइंट मात्र मी नको म्हणत असताना बदललेत. दरवाजाखालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडलात, वर बॉडीवरचे चरे तसेच ठेवलेत. पार्ट आणायला नाना पेठेत धाडताना सांगितलंत, ‘मॉडेल सांगत बसू नका, जुना पार्ट खिशात घेऊन जा.’ ‘सुमो’ एवढंच सांगून मी दोनदा चुकीचा क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टचा सांधा) आणला होता, म्हणून.

2023 ला पासिंगची, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीची, मुदत संपली. 2022 पर्यंत खाजगी गाडीला 600 रुपये फी होती, ती तेव्हा 5,000 झाली होती, वर पर्यावरण कर. मी कुरकुरलो. तुम्ही हेडलाइटचा फोकस लावलात, रिफ्लेक्टर चिकटवलेत, हॉर्न वाजवून पाहिलात आणि म्हणालात, ‘पाच वर्षांची भाकरी आहे, द्या.’ पहिल्या फेरीत पास झाली. आता कागद 2028 पर्यंत.

एक तक्रार आहे, तीही इथेच करतो. तुमचा ‘उद्या’ म्हणजे आठ दिवस. मागच्या पावसाळ्यात गाडी तुमच्या शेडमध्ये आणि मी पीएमटीच्या बसमध्ये उभा, असे अकरा दिवस गेले. (पीएमपी म्हणायचं असतं, पण जीभ वळत नाही.) तरी मी दुसरीकडे गेलो नाही. बिघाड सांगायला या गाडीत कॉम्प्युटर नाही. तिला कान लावणारा माणूसच लागतो.

गेल्या महिन्यात आईला पुन्हा जेजुरीला नेलं. घाट चढून वर आल्यावर मी बॉनेट उघडायला उतरलो, तर आई म्हणाली, ‘मामांनी बघितलंय ना? मग बस आत.’ काटा निम्म्याच्या वर गेला नव्हता. भंडाऱ्याची पुडी तुमच्यासाठी आणली आहे.

रविवारी घेऊन येतो. पहिला गिअर टाकला की खालून ‘कट्’ असा आवाज येतोय. क्रॉसच असणार. जुना तुमच्याकडेच आहे, टाकू नका.

तुमचा,
पांढऱ्या सुमोवाला