तक्रार : गिब रिव्हर रोड सहलीतले निकामी सामान आणि पुस्तिकेतली जीवघेणी सूचना

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

यंदाच्या जूनमध्ये आम्ही आपल्या कंपनीमार्फत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात स्वतः गाडी चालवत तंबूत राहण्याची सहल केली. माझे पती, आमची चौदा वर्षांची मुलगी आणि मी. फोनवरच्या तक्रारीला आपल्याकडून ‘गाडी तिथल्या भाडे कंपनीची आहे’ एवढेच उत्तर आले, म्हणून हे लेखी देत आहे.

गिब रिव्हर रोड हा डर्बी गावापासून कुनुनुरा गावाच्या दिशेने जाणारा सुमारे ६६० किलोमीटरचा रस्ता. सुरुवातीचे डांबर संपले की लाल मुरूम, टोकदार दगड आणि सिमेंटच्या पत्र्यासारख्या आडव्या पन्हाळी. बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. अशा रस्त्यावर स्टेपनी आणि हवेचा पंप म्हणजे जादा सोय नव्हे, त्यावर माणसांचा जीव अवलंबून असतो. आपल्या माहितीपत्रकात ‘दोन स्टेपन्या, कॉम्प्रेसर, सॅटेलाइट फोन, प्रत्येक गाडी आम्ही तपासून देतो’ असे छापले आहे. ब्रूम गावात गाडी हाती आली तेव्हा स्टेपनी एकच होती. विचारले तर ‘दुसरी डर्बीत मिळेल’ असे सांगण्यात आले. ती मिळाली नाही.

बेल गॉर्ज या घळीच्या फाट्याजवळ मागचा टायर बाजूने फाटला. स्टेपनी काढली तर तिच्यात निम्मीच हवा आणि रबराला भेगा. टायरवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेले असते. या टायरवर ‘१११३’ होते, म्हणजे २०१३ सालचा अकरावा आठवडा. फोटो जोडला आहे. कॉम्प्रेसरची नळी टायरच्या व्हॉल्व्हला बसेना. सॅटेलाइट फोनचे रिचार्ज संपलेले. भर उन्हात मुलीला गाडीच्या सावलीत बसवून आम्ही वाट पाहत राहिलो. एक वयस्कर ऑस्ट्रेलियन जोडपे थांबले, त्यांनी आपल्या पंपाने हवा भरून दिली आणि आमच्या मागे मागे गाडी चालवत आम्हाला इमिंजी या रस्त्यावरच्या छोट्या वस्तीपर्यंत सोडले. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. पण आपण पैसे घेऊन जे द्यायचे कबूल केले होते, ते वाटसरूंनी द्यावे लागले.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. आपल्या मराठी पुस्तिकेत लिहिले आहे : ‘कोणतीही नदी गाडीने ओलांडण्यापूर्वी एकाने पायी पलीकडे जाऊन खोली तपासावी.’ इतर लहान ओढ्यांसाठी हे ठीक असेल. पण याच रस्त्यावर पेंटेकॉस्ट नदी आहे आणि तिच्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. याच भागातल्या विंडजाना घळीत वाळूवर पहुडलेल्या, निमुळत्या तोंडाच्या गोड्या पाण्यातल्या मगरी सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. पेंटेकॉस्टमधल्या मगरी मात्र माणसाला मारतात. तिथे काठावर इशाऱ्याची पाटी आहे आणि त्या जोडप्यानेही इमिंजीलाच आम्हाला बजावले होते, ‘त्या नदीत पाय घालू नका.’ आपल्या पुस्तिकेत पेंटेकॉस्टचा उल्लेख आहे, कॉकबर्न डोंगररांगेसमोर फोटो काढायला उत्तम जागा म्हणून. मगरीबद्दल एक शब्द नाही. ज्याने हे पान लिहिले त्याने तो रस्ता पाहिला नसावा आणि पाहिलेल्या कुणाला दाखवलेही नसावे. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो.

एवढे होऊनही अनामत रकमेतून ‘टायरचे नुकसान’ म्हणून पैसे कापले गेले. बुकिंग आपण घेतले, पैसे आपण घेतले, तपासणीचे आश्वासन आपले. मग जबाबदारी परदेशातल्या कंपनीवर कशी ढकलता येईल?

कापलेली अनामत, इमिंजीजवळ घेतलेल्या टायरचा खर्च आणि न मिळालेल्या सामानाचे भाडे पंधरा दिवसांत परत करावे. पावत्या सोबत आहेत. पुस्तिकेतले ते पान आजच मागे घ्यावे आणि ज्यांच्या हाती ती गेली आहे अशा प्रत्येक ग्राहकाला पेंटेकॉस्टबद्दल लेखी कळवून त्याची प्रत मला पाठवावी. पैशांना चार दिवस उशीर झाला तर एक वेळ चालेल, या सूचनेला नाही. तिथला कोरडा हंगाम अजून संपलेला नाही आणि आपल्या गाड्या त्या रस्त्यावर आहेत.

उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे
(बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे.)